पोटखराब बोटं

आंजर्ल्यात नवा येणारा पाहुणा समुद्र बघतो, कड्यावरच्या गणपतीला जातो, आणि वरून खाली उतरताना एक प्रश्न हमखास विचारतो. "इथे सगळा कातळच दिसतोय, मग तुम्ही पिकवता काय?" प्रश्न भाबडा आहे पण रास्त आहे. खाली समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांची एक चिंचोळी पट्टी, आणि चढून वर गेलात की सडा. नजर जाईल तिथवर जांभा.

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा प्रश्न याहून अवघड असायचा. हे दगड दरवर्षी येतात तरी कुठून?

वरकस जमिनीत नाचणी केलेल्या कुणालाही विचारा. मे महिन्यात दगड वेचून गडग्यावर टाकायचे, पुढच्या मे महिन्यात तेवढेच पुन्हा हजर. त्यामुळे "दगड वाढतात" असं मानणारी माणसं गावोगाव सापडतात. थंड देशांत या प्रश्नाचं उत्तर बर्फ हे आहे. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं, दगड किंचित वर उचलला जातो, खालच्या पोकळीत माती शिरते, आणि बर्फ वितळल्यावर दगडाला परत खाली जायला जागाच राहत नाही. अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात मैलोन् मैल गडगे आहेत, ते असेच शेतातून वर आलेल्या दगडांचे. पण आमच्याकडे बर्फ कुठला! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, उताराची जमीन आणि ती नांगरून मोकळी केलेली. बारीक माती वहाळातून खाडीत जाते, जड दगड जागेवर राहतो. तेव्हा दगड वाढलेला नसतो, माती गेलेली असते. गेलेल्या मातीचं काय होतं ते जोग नदीच्या मुखाशी बघा. हर्णैच्या होड्या वादळात आसऱ्याला आमच्या खाडीत येतात आणि गाळाच्या नावाने ओरड करतात, ती ओरड जुनी आहे.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत या दगडाशी आणि पावसाशी आमचं एक नवीनच भांडण लागलंय, आणि त्यात मध्ये काच आली आहे. मोबाइलची काच, रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनची काच, गाडीतल्या पडद्याची काच. तिन्हीचं दुखणं एकच आहे असं माझं मत आहे, म्हणून एकत्र लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी जमीन.

जांभा हा साधा दगड नाही. हजारो-लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो हा लाल, भोकाभोकांचा दगड. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी नोकरीतल्या डॉक्टरने केरळातला असाच दगड बघून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून निघतो तेव्हा कापण्याइतका मऊ आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कडक, म्हणून वीट. आमची घरं, विहिरी, देवळांच्या पायऱ्या, सगळं चिऱ्याचं. आणि त्याच्या त्या भोकांतूनच सड्यावरचं पावसाचं पाणी आत मुरतं आणि खालच्या वाड्यांतल्या विहिरींना मिळतं. सडा भुंडा दिसतो, पण खालची पोफळ मार्चमध्ये हिरवी असते ती त्याच्या जिवावर.

आता सरकारी कागदावर या सड्याला काय म्हणतात? पोटखराब. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य वेगळं आणि 'पोटखराब वर्ग अ' वेगळं लिहिलेलं असतं. त्याला आकारणी नाही, कारण त्यात काही पिकणार नाही असं इंग्रजांच्या काळातल्या मोजणीदाराने एकदा ठरवलं. त्याचा दोष नाही, तो सारा वसूल करायला आला होता. पण पुढे काय झालं? 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि कोकणातल्या माणसाने कातळात सुरुंग लावून, पहारीने फोडून, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घेतले. बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली, पहिली काही वर्षं डोक्यावरून पाणी नेऊन घातलं. आज कातळावरचा हापूस खाणारा म्हणतो, याची चव वेगळी. ती चव ज्या जमिनीतून येते, ती कागदावर कितीतरी ठिकाणी अजून खराब आहे. 2018 साली नियमात बदल झाला, लागवडीखाली आणलेली वर्ग अ ची जमीन आता लागवडयोग्य म्हणून नोंदवून घेता येते. पण त्यासाठी अर्ज, पाहणी, मोजणी आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या. कोकणातला सातबारा म्हणजे काय ते कोकणी माणसाला सांगायला नको. आजोबांच्या नावाखाली सतरा वारस, पाच मुंबईत, दोन पुण्यात, एक बडोद्याला, आणि एकाचा पत्ता कुणालाच नाही.

बरं, जमिनीचं हे दुखणं जुनं. आता नवं.

सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे पिकांची नोंद. पूर्वी ती तलाठी करायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). तो शेतावर यायचा की चावडीत बसून मागच्या वर्षीचंच उतरवून काढायचा, हा गावागावातला विनोदाचा विषय होता. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पाठवायचा. मी सरळ सांगतो, कल्पना चांगली आहे. आपल्या पिकाची नोंद आपण करावी, त्यासाठी कुणाच्या मागे फिरावं लागू नये, याला विरोध कशाला करायचा? मासळी विकणारी मावशी क्यूआर कोड लावून पैसे घेते, तेही मला आवडतं. माझं भांडण मोबाइलशी नाही.

भांडण आहे ते वेळेशी आणि जागेशी. खरिपाची नोंद करायची ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांत सड्यावर उभं राहून बघा. एका हातात छत्री, ती वाऱ्याने उलटी. दुसऱ्या हातात मोबाइल, त्याच्यावर पाऊस. पायाखाली शेवाळलेला कातळ. रेंज हवी तर गडग्यावर चढायचं, फोटो हवा तर शेतात उतरायचं. लोकेशन जुळेना, की ॲप सांगणार तुम्ही तुमच्या गटात नाही आहात. अहो, मी ज्या बांधावर उभा आहे तो माझ्या आज्याने घातलाय!

आणि या सगळ्यात मोबाइलची काच बोट ओळखत नाही.

हे का होतं ते समजून घेतलं की निदान स्वतःवरचा राग जातो. या काचेखाली विजेच्या भाराचं एक अतिशय बारीक जाळं असतं. आपलं शरीर मीठ-पाण्याचं, म्हणजे वीज वाहणारं. बोट टेकलं की त्या ठिकाणचा भार बदलतो आणि यंत्राला कळतं, इथे स्पर्श झाला. पण पाऊससुद्धा वीज वाहतो. काचेवर चार थेंब पडले की यंत्राला वाटतं चार बोटं टेकली, आणि पडदा आपोआप कुठेही धावायला लागतो. याच्या उलट, बोटाची कातडी जाड आणि कोरडी असेल तर खालच्या ओलाव्याचा भार काचेपर्यंत पोचतच नाही. पहार धरणाऱ्या, चिरे उचलणाऱ्या, होडीचे दोर ओढणाऱ्या माणसाच्या बोटाला घट्टे असतात. तो चारदा दाबतो, पाचव्यांदा जोर लावून दाबतो, आणि शेजारचं शिकलेलं पोर म्हणतं, "आजोबा, हळू, काच फुटेल." आजोबा गप्प. त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. ही काच त्यांच्या हाताचा विचार करून बनलेलीच नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही.

अंगठ्याच्या मशीनचं शास्त्र निराळं, पण शिक्षा तीच. ते बघतं बोटावरचे उंचवटे आणि खाचा. आता आमच्याकडच्या हातांचा हिशेब करा. सुपारी सोलणारे हात. काजूची बी फोडणारे हात, ज्यांना टरफलाचं तेल लागून कातडी जळते आणि सोलते. बर्फ आणि खारं पाणी यात दिवसभर मासळी निवडणारे हात. चिरेखाणीवरचे हात. भातलावणीत महिनाभर चिखलात भिजून पांढरे पडलेले हात. वय साठीच्या पुढे गेलं की कातडीही पातळ होते, रेषा पुसट होतात. रेशनच्या दुकानात अशी बाई उभी असते आणि अंगठा लागत नाही. हात पदराला पुसून पुन्हा, मग डावा अंगठा, मग मधलं बोट, मग "उद्या या". मागे रांग, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. ज्या हातांनी आयुष्यभर काम केलं त्यांचीच ओळख पटत नाही. माझ्या डोक्यात सातबाऱ्यावरचा तो शब्द येतो, पोटखराब. कातळासारखीच ही बोटंही आकारणीच्या बाहेर.

इथे कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने स्पष्ट म्हटलं आहे की पडताळणी जुळली नाही एवढ्या कारणाने पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, त्याची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवण्याची सोय असावी. म्हणजे "उद्या या" हे उत्तर नाही. ओटीपी आहे, घरातला दुसरा माणूस आहे, ओळखपत्र बघून वहीत नोंद आहे. विचारा, आणि नाही म्हणाले तर लेखी मागा.

आता गाडी. काही जणांना वाटेल की हा मध्येच श्रीमंतांच्या दुखण्याकडे कुठे वळला. पण शनिवार-रविवारी केळशी-आंजर्ले-हर्णै रस्त्यावर उभं राहून बघा, कुणाच्या गाड्या कुणाच्या पोरांच्या जवळून जातात ते.

जुलैतला तो रस्ता डोळ्यांसमोर आणा. एकेरी म्हणावा इतका अरुंद, एका बाजूला डोंगर, वळणामागून म्हैस येईल की एसटी, सांगता येत नाही. बाहेर पाऊस, आत चार माणसांचा श्वास, आणि समोरची काच आतून धुकटते. जुन्या गाडीत यावर उपाय होता एक गोल खटका. नजर रस्त्यावर ठेवून हाताने चाचपायचा आणि फिरवायचा. हाताला त्याची जागा पाठ असायची. नव्या कितीतरी गाड्यांत तो खटका गेला आणि तिथे टीव्हीएवढा पडदा आला. काच पुसण्याची हवा सुरू करायला पडद्यावर आधी गाणं बाजूला सारायचं, मग हवेचं चित्र शोधायचं, मग त्यातलं नेमकं चिन्ह दाबायचं. काचेवर चाचपता येत नाही, कारण सगळी काच हाताला सारखीच लागते. बघावंच लागतं. ताशी 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंद नजर पडद्यावर, म्हणजे 33 मीटर गाडी आंधळी. आमच्या गावातला रस्ता दोन्ही बाजूंच्या घरांच्या बेड्यांना लागून जातो, 33 मीटरमध्ये तीन-चार घरं येतात.

हे माझं खुसपट नाही. 2022 मध्ये स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मासिकाने याची परीक्षाच घेतली. अकरा नव्या गाड्या आणि 2005 सालची एक जुनी बटणांची व्होल्व्हो. ताशी 110 वेगाने जाताना हवा, रेडिओ, दिवे वगैरेंची ठरावीक कामं करायची. जुन्या व्होल्व्होत ती 10 सेकंदांत उरकली. सगळ्यात संथ ठरलेल्या नव्या गाडीत जवळपास 45 सेकंद लागले, तेवढ्यात गाडी 1300 मीटरच्या पुढे गेली होती. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासूनच्या नियमांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांना हाताला लागणारी स्वतंत्र बटणं असण्यावर गुण ठेवले आहेत. फोक्सवॅगननेही मुख्य बटणं परत आणायचं जाहीर केलं. आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं. त्यात मोठ्यांची सुरक्षा, मुलांची सुरक्षा आणि सुरक्षेची उपकरणं यांचे गुण आहेत. बटणाचा विषय अजून यायचाय, आणि पावसाच्या या देशात तो युरोपच्या आधी यायला हवा होता.

कंपन्या असं का करतात? पडदा भारी दिसतो हे एक. पण मोठं कारण पैशाचं. प्रत्येक बटणाला साचा, वायर, जोडणी, माणूस लागतो. एका पडद्यात वीस बटणं बसतात आणि चुकलेलं नंतर सॉफ्टवेअरने दुरुस्त करता येतं. वाचलेला पैसा कंपनीचा, आणि वळणावरची म्हैस आमची.

होडीवाल्यांसाठी एक उदाहरण. 21 ऑगस्ट 2017 ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी गेले. सुकाणू आणि इंजिनाचा वेग यांचा ताबा पडद्यावरून एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला आणि कुणाच्या हातात काय आहे हेच माणसांना कळेना. चौकशीत प्रशिक्षण कमी पडल्याचं निघालं, तसंच त्या टचस्क्रीनच्या रचनेवरही बोट ठेवलं गेलं. 2019 मध्ये नौदलाने ठरवलं की वेगासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत नौदलाला जे दहा माणसं गमावून कळलं, ते हर्णैच्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. ओल्या हाताला दांडा लागतो.

आता पुन्हा आपल्या गावात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. पंचनामे झाले ते माणसांनी पडलेल्या माडांवरून चढून जाऊन, कागदावर. त्या पंचनाम्यांविषयी तक्रारी होत्याच, कुणाचं झाड मोजलं, कुणाचं राहिलं, सामाईक खात्यात पैसे कुणाला, यावरून भाऊबंदकीही झाली. पण निदान कागद चालत होता. पुढचं वादळ येईल तेव्हा 'बारा' कोरा असेल तर काय? ऑगस्टमध्ये सड्यावर ज्याचं बोट चाललं नाही, त्याची कलमं कागदावर नाहीतच. मग पडली कुठली आणि भरपाई कसली? न झालेल्या नोंदी नंतर गावपातळीवरचे सहायक करतात हे मला माहीत आहे. त्यांच्याकडेही तोच मोबाइल आहे आणि त्यांच्यावरही तोच पाऊस पडतो.

म्हणून ग्रामसभेत मांडायला मी तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. ज्याची मोबाइलवर नोंद झाली नाही त्याची नोंद ग्रामपंचायतीत कागदी अर्जावर घ्यावी, तारखेची पोच द्यावी आणि ती पोच भरपाईच्या वेळी ग्राह्य धरावी. रेशन दुकानात अंगठा न लागणाऱ्यांसाठी पर्याय काय आहेत ते मराठीत, मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहावं, मशीनच्या शेजारीच. आणि कातळावर लावलेल्या कलमांची जमीन पोटखराबातून काढायला तालुक्यातून मोजणीदाराचं एक शिबिर गावात लावावं, गणपतीत. तेव्हा मुंबईकर गावी असतात, सतरापैकी निदान बारा सह्या एका दिवसात होतील.

यावर कुणाला आणखी काही सुचत असेल तर खाली लिहा. तुमच्या गावात कागदी नोंद चालते का, हेही लिहा, मला ते ग्रामसभेत दाखवता येईल.

आणि ॲप बनवणाऱ्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना आमंत्रण आहे. 10 ऑगस्टच्या आसपास या. लॅपटॉप नको, फक्त तो मोबाइल आणा. आधी तासभर सुपारी सोला, मग सड्यावर चला. छत्री मी धरतो. त्या दिवसांत पर्यटक नसतात, खोली स्वस्तात मिळते.